आत्याच्या आवाजातली खरखर

लग्न होईपर्यंत शांतता म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. आबांचा धंदा मांडवाचा आणि लाउडस्पीकरचा. शेती होती, पण ती आईच्या आणि देवाच्या भरवशावर. आबांचा सगळा जीव कर्ण्यात. नेकनूरच्या आसपास कुणाचं लग्न असो, सप्ता असो की निवडणूक, झाडाला कर्णे आमचेच बांधलेले. सकाळी चहाच्या आधी आबा ओसरीवर बसून "ह्यालो, ह्यालो, माईक टेस्टिंग" करायचे आणि गल्लीतली कुत्री त्यांना उत्तर द्यायची. कायम त्या आवाजाच्या वरच बोलायची सवय लागल्यामुळे आमच्या घरात हळू बोलणं ही आजारपणाची खूण समजत. आईनं मला पाणी मागितलं तर शेजारची बाई तांब्या घेऊन यायची. माझ्याकडं खातं होतं वायरी गुंडाळायचं. पंजा ते कोपर, कोपर ते पंजा. अजूनही मोबाईलच्या चार्जरची हातभर वायर मी तशीच गुंडाळते आणि माझी मुलगी म्हणते, "मम्मी, मांडव उतरला का?"

या गोंगाटात एकच आवाज असा होता की तो सुरू झाला की आबा स्वतः बटणं बारीक करून ऐकायचे. गिरजाआत्याचा. आत्या आबांची थोरली बहीण. आबांना तिनं कडेवर वागवलेलं, त्यामुळे चारचौघांत "बबनराव" असलेले आबा तिच्यापुढं नुसते "बबन्या" व्हायचे. आत्या मंगलाष्टका म्हणायची. म्हणजे पुस्तकातल्या नव्हे, स्वतः रचलेल्या. नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, मामाचं गाव, आजीची आठवण, सगळं ती चालीत बसवायची. वृत्त हा शब्द तिला ठाऊक नव्हता, पण एक अक्षर जास्त झालं तर भाकरीत खडा लागावा तसं तोंड करायची. कुणाचं नाव चालीत बसेना झालं की थेट सांगायची, "पोराचं नाव आखूड करा, न्हाईतर मंडळी बोलवा दुसरी." लोक खरंच लाडाचं नाव सांगायचे. धारूरच्या डोंगरापासून उमापूरपर्यंत लोक लग्नाची तारीख आधी तिला विचारायचे, मग भटजीला, असं आबा सांगायचे. आबांच्या सांगण्यातलं निम्मं सोडून दिलं तरी बरंच उरतं.

मग एका वर्षी मामा, म्हणजे आत्याचे मालक, उसाच्या तोडीवर गेले असताना कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीतच तापानं गेले. आत्या एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आली ती कायमची. तिला मूलबाळ नव्हतं. आई रानात असायची, त्यामुळे मी तिच्याच हातची झाले. माझी वेणी, माझा अभ्यास, माझा ताप, सगळं आत्याकडं. आणि मंगलाष्टका बंद झाल्या. विधवा बाईनं मुहूर्ताला मांडवात पुढं येऊ नये, अक्षता टाकू नयेत, नवरानवरीच्या कानावर तिचा आशीर्वाद पडू नये, ही आमच्याकडची रीत. तिला कुणी "नको" म्हणालं नाही, हे मला अजून सलतं. कुणी म्हणालं असतं तर ती भांडली तरी असती. फक्त पुढच्या लग्नात माईक तिच्याकडं आलाच नाही. आणि माईक आबांचा होता.

त्यानंतर गल्लीत लग्न लागायला लागलं की ती आपली आपण उठून घरात जायची, धान्याच्या कणग्यांजवळ बसायची. मी लहान होते, तिच्या मागं जायचे. बाहेर कुणीतरी करवली माईकवर बेसूर ओरडत असायची आणि आत्याचे ओठ हलत असायचे. एकदा मी म्हटलं, "आत्या, मोठ्यानं म्हण की." तर म्हणाली, "मोठ्यानंच म्हणते. तुला ऐकू येत न्हाई त्याला मी काय करू?"

आता कॉम्प्युटर. माझा भाऊ संजू, आम्ही दादा म्हणायचो, बीडला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा. क्लासवाल्यांनी जुनी यंत्रं काढली तेव्हा त्यातलं एक दादा घेऊन आला. एसटीच्या मागच्या सीटवर वाकळेत गुंडाळून, मांडीवर मूल घ्यावं तसं. कंडक्टरनं विचारलं, "पेशंट हाय का?" दादा म्हणाला, "हाय, जपून चालवा." ते यंत्र ओसरीशेजारच्या खोलीत बसलं आणि आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. ते कीबोर्डच्या फटीत गेलं आणि पुढं कायम आमचं एक अक्षर अडकत राहिलं.

माझं लग्न ठरलं ते उमापूरकडच्या घरात. मोठी शेती, मोठं घर. तिथं शब्द चालायचा माझ्या चुलतसासऱ्यांचा, तात्यांचा. सुपारी फुटताना ते एवढंच म्हणाले, "देनंघेनं काई बोलू नका. फक्त समदं रीतीनं व्हावं." आबांनी मान डोलावली. मला नवरा आवडला होता, त्यामुळे मला त्या वाक्यात काहीच वावगं ऐकू आलं नाही. तेव्हा मला आरशाशिवाय कशातच काही दिसत नव्हतं.

त्याच संध्याकाळी जेवताना दादानं विषय काढला. "सुमीच्या लग्नात मंगलाष्टका आत्याच म्हणंल."

आईच्या हातातलं उलथनं तव्यावर थांबलं. आत्या म्हणाली, "येड लागलं का बे तुला?"

"तू मांडवात यायचंच न्हाई. तुझा आवाज मी आधीच कॉम्प्युटरमध्ये घेतो. मुहूर्ताला वायर जोडली की झालं. तू आपली आत बस."

"नको रे. लेकराच्या संसाराला काई झालं तर?" हे ती मनापासून म्हणाली. ती रीत तिलाही खरी वाटायची, निदान अर्धी. मी हट्टाला पेटले. म्हटलं, "तू म्हणली न्हाईस तर मी बोहल्यावर चढनार न्हाई." आत्या म्हणाली, "चढशील. गप चढशील. नवरा बगून गेला तवापासून आरसा सोडीना गेलीस." सगळे हसले. मग दादा हळू आवाजात म्हणाला. आमच्या घरात हळू, म्हणजे गंभीर. "आत्या, आवाजाला कपाळ कुठं आसतंय? कुंकू हाय का न्हाई ते दिसनार कुणाला?"

आत्या बराच वेळ भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, "बबन्याला इचार." आबांनी ताटातून डोकं वर काढलं नाही. म्हणाले, "वाजवू. कुणी इचारलं तर बाजारातली कॅसेट हाय म्हनू." आत्यानं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. ती हो म्हणाली नव्हती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती ज्येष्ठमध चघळताना दिसली.

उन्हाळा होता. तोडीची माणसं गावात परतली होती, लग्नसराई सुरू होती, आणि लाईट दुपारी यायची, तीही तिच्या मर्जीनं. म्हणजे रेकॉर्डिंग दुपारीच. खोलीला दादानं चारही बाजूंनी वाकळा टांगल्या, खिडकीला पोतं ठोकलं, पंखा बंद केला. आत भट्टी. मला काम मिळालं कावळे हाकायचं. अंगणात आईच्या कुरडया वाळत होत्या आणि कावळ्यांना आत रेकॉर्डिंग चाललंय याची काही कदर नव्हती. तर तांत्रिक विभागात मी, हातात काठी, डोक्यावर पदर, लग्न ठरलेली मुलगी, ओरडायची बंदी असल्यामुळे नुसतीच काठी फिरवत अंगणभर नाचते आहे. ते पाहून सासरकडून कुणी आलं नाही हे माझं नशीब.

पहिल्या दिवशी आत्यानं म्हटलं, दादानं वाजवून दाखवलं, आणि आम्ही हबकलो. आवाज आत्याचाच, पण मध्ये मध्ये उचकी लागल्यासारखा तुटायचा, आणि तुटलेल्या जागी खरखर. "सावधान" म्हणताना "साव" आणि "धान" यांच्यात एक खड्डा. आत्या म्हणाली, "ह्ये तर म्हातारीला दम लागल्यावानी वाटतंय." दादाचं तोंड पडलं. त्यानं क्लासच्या सरांना विचारलं, जुनी मासिकं आणली, आणि मग आमच्या घरात कणीक, कुरडया आणि कापड यांच्याबरोबर मेमरी आणि डिस्क यांचीही चर्चा सुरू झाली.

दादाचं म्हणणं असं, की यंत्राची मेमरी लहान आहे. तिच्यात मावत नाही ते यंत्र उचलून डिस्कवर ठेवतं आणि लागलं की परत आणतं. आणि त्याच वेळी आत्याचा आवाजही त्याच डिस्कवर लिहायचा असतो. आत्या म्हणाली, "म्हंजे एकाच हातानं भाकर थापायची अन् त्याच हातानं पाव्हन्याला वाढायचं. मग सांडनारच की." सरांना एवढं थोडक्यात सांगता आलं नव्हतं, असं दादा नंतर म्हणाला. मग त्यानं सरांकडून मेमरीची आणखी एक पट्टी आणि एक जुनी दुसरी डिस्क मागून आणली. यंत्राच्या उचलठेवीला पहिली डिस्क, आवाजाला दुसरी. उचलठेवीची जागासुद्धा त्यानं ठरवून टाकली, कमी नाही जास्त नाही, कारण ती जागा दर वेळी वाढवता-आटवता यंत्राला धाप लागते. यंत्राला थोडा वेळ कुणी हात लावला नाही की पडद्यावर मासे पोहायचे, ते बंद केले. आत्याला ते आवडायचे. पण नेमकं तिचं सूर लावणं आणि माशांचं येणं एकाच वेळी व्हायचं आणि तिथं हमखास खरखर यायची. "मासे गेले का?" ती म्हणायची आणि मग सुरुवात करायची.

तरीही कुठं कुठं तुटायचंच. दादाला कळलं की आवाज आधी मेमरीत जिथं साठतो ती जागा अपुरी आहे. "कळशी ल्हान पडती," त्यानं आत्याला सांगितलं, "रांजनात ओतीस्तोवर वरून पानी येतच ऱ्हातंय." "मग हंडा घे की," आत्या म्हणाली. त्यानं हंडा घेतला, म्हणजे त्या प्रोग्रॅममधला आकडा वाढवला. खड्डे कमी झाले. उरले ते डिस्कवरची मोकळी जागा विखुरलेली असल्यामुळे. एक तुकडा इथं, एक तिथं, असं लिहावं लागतं म्हणून. त्यावर उपाय होता तो आमच्या घराला सगळ्यात आवडला. पडद्यावर रंगीत चौकोन यायचे आणि एकेक करून सरकत एका ओळीत बसायचे. त्याला तास न् तास लागायचे. आई कुरडयांचा चीक हलवता हलवता येऊन बघायची. शेजारणी यायच्या. आत्या समोर मांडी घालून बसायची आणि लग्नाच्या पंगतीत म्हणायची तसं म्हणायची, "सरका, सरका, मानसं बसू द्या. ओ निळे, मधी जागा कावून सोडली?" एकदा सगळे चौकोन बसत आले आणि लाईट गेली. आत्यानं कपाळावर हात मारला, "उठली पंगत."

मला तो उन्हाळा आठवतो तो असा. कुरडयांच्या चिकाचा वास, वाकळांच्या आतली ऊब, दादाच्या कपाळावरचा घाम, आणि आत्या. मामा गेल्यापासून मी तिला इतकी बोलताना पाहिली नव्हती. सकाळी भाकरी थापताना ती शब्द जुळवायची, पिठाच्या हातानं ताल धरायची. यंत्रावर डाफरायची, त्याला "जावईबुवा" म्हणायची, कारण ते रुसायचं फार. माझ्या मोबाईलमध्ये आज त्या यंत्राच्या कित्येक पट जागा आहे, आणि तिच्यात मी नातेवाइकांनी पाठवलेली सकाळची फुलं साठवून ठेवली आहेत. त्या वेळी आम्ही एका बाईचा आवाज मावावा म्हणून घरातलं सगळं सरकवत होतो.

आणि एका दुपारी तो आला. काही न तुटता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दादानं वाजवला. तिच्या श्वासाचा आवाजसुद्धा ऐकू येत होता, शब्द संपल्यावर ओठ मिटल्याचा. सगळ्या अष्टकांत माझं नाव, नवऱ्याचं नाव, दोन्ही गावं. आणि शेवटची तिनं आमच्यापासून लपवून ठेवली होती, ती आम्ही त्या दिवशीच ऐकली:

ज्या हाती भरला तुला चिमुकला, मी घास ओट्यावरी
घे गे तांदुळ हे गळ्यातुन मुली, हातातले ना जरी

आई दारात उभी होती, चिकानं माखलेले हात तसेच वर धरून, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला तिला कोरडा हात नव्हता. मी आत्याच्या मांडीवर पडले. ती म्हणाली, "ऊठ, जड झालीस आता." दादा तिच्याकडं बघत होता, परीक्षेचा निकाल हातात असल्यासारखा. "खरखर हाय का कुठं? सांग. हाय का?" आत्या म्हणाली, "न्हाई बाबा. तुझे मामा आसताना मी म्हनायचे, तसा आलाय."

आबा बाहेर ओसरीवर होते. त्यांनीही ऐकलं होतं. ते आत आले आणि त्यांनी दादाला बाजूला घेतलं. "लई साफ आलाय रं," ते म्हणाले. दादाला वाटलं कौतुक आहे. "कॅसेटीत भरून घे. जुन्या कॅसेटीत. जरा दबंल, फुसफुस यील. कुनाचा काय, कळनार न्हाई."

"एवढं करून कॅसेटीत घालू?" दादा म्हणाला. "थेट वायर जोडतो, आबा. लोकांना कळू द्या की आवाज कसा आसतो."

आबांनी आत्याकडं पाहिलं. ती तिथूनच दादाला मासे परत लावायला सांगत होती, हसत होती. ते परत ओसरीवर जाऊन बसले. मला वाटतं, त्या वेळी त्यांनाही दादासारखंच वाटलं असावं. ते आवाजाचेच माणूस होते.

लग्नाच्या दिवशी दारात मांडव, आमचाच. जनरेटर आमचा. कडुनिंबावर कर्णे. खोलीतून यंत्राची वायर थेट ॲम्प्लिफायरला. आत्या सकाळपासून येसराच्या आमटीवर, बुंदीवर नजर ठेवून होती, आणि मुहूर्त जवळ आला तशी आपली आपण उठून मधल्या खोलीत गेली. जाताना माझ्याकडं बघून तिनं नुसत्या भुवया उंचावल्या. मी बोहल्यावर उभी राहिले. समोर अंतरपाट धरला. तिथून पुढं मी काहीही पाहिलं नाही. पांढरं धोतर आणि त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, एवढंच. बाकी सगळं मी ऐकलं.

भटजींच्या दोन झाल्या. मग कर्ण्यातून बारीक "टक्" असा आवाज आला, दादानं बटण दाबल्याचा, आणि आत्या सुरू झाली. मी आमच्या कर्ण्यांतून जन्मभर आवाज ऐकले होते. असा एकदाही नाही. मांडवातली कुजबुज, पोरांची रडारड, भांड्यांचा खणखणाट, सगळं एकेक करून थांबत गेलं. माझ्या मागं एक बाई म्हणाली, "अगं बाई, गिरजाबाई!" तिच्या आवाजात आनंद होता, हे मी शपथेवर सांगते. दुसरी म्हणाली, "कुठं हाय? दिसत न्हाई." मग माझं नाव आलं, उमापूर आलं, नवऱ्याचं नाव आलं. अंतरपाटाच्या पलीकडं कुणीतरी खाकरलं.

"बबनराव, ह्ये कोन म्हनतंय?" तात्यांचा आवाज.

"कॅसेट हाय, तात्या. बाजारातली."

"बाजारातल्या कॅसेटीत आमच्या पोराचं नाव कसं आलं?"

आत्या म्हणत होती.

"ह्यो आवाज मी वळकीत न्हाई व्हय? आमच्या थोरल्याच्या लग्नात हिनंच म्हनलं हुतं. इधवा बाईचं तोंड, अन् आमच्या पोराच्या डोक्यावर अक्षता? बंद करा. न्हाईतर वऱ्हाड उठवतो."

भटजींच्या पुढचा माईक चालू होता. तात्यांचं हे सगळं बोलणं कडुनिंबावरच्या कर्ण्यांतून गावभर गेलं. आत्याच्या आवाजावर चढून गेलं.

"आबा, हात लावू नका," दादा ओरडला. "शेवटचंच ऱ्हायलंय. आबा, एकच ऱ्हायलंय."

आबांनी आयुष्यात कधी आवाज तोडला नाही. कुणाचं गाणं आवडलं नाही, भाषण लांबलं, तरी ते खटकन बंद करत नसत; बटण हळूहळू उतरवत, ऐकणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून. तसाच उतरवला. "मी घास ओट्यावरी" पर्यंत आलं, आणि मग घराच्या मागं, मग वेशीपलीकडं, मग रानात कुठंतरी कुणी म्हणत असल्यासारखं लांब लांब गेलं. पुढची ओळ कुणालाच ऐकू आली नाही. भटजींनी घाईघाईनं सावधान म्हटलं, बँड वाजला, अक्षता अंगावर आल्या. मी रडत होते. बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय ना.

आमचे हे पलीकडं उभे होते. त्या रात्री गाडीत त्यांनी एवढंच विचारलं, "कोण होत्या त्या?" मी सांगितलं. ते म्हणाले, "लई गोड आवाज हुता." माणूस चांगला आहे. तात्यांसमोर खाकरण्यापलीकडं काही करायची त्या घरात कुणाची टाप नव्हती, आणि ते वयानं तर एवढेसे. आता तात्याही नाहीत. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांचं सगळं केलं, आणि ते मला "सूनबाई, तुझा आवाज लई हळू" म्हणायचे. त्या घरात मी हळू बोलायला शिकले होते.

पंगती सुरू झाल्यावर मी दादाला शोधत गेले. तो ॲम्प्लिफायरच्या मागं, वायरींच्या गुंत्यात उकिडवा बसला होता. नवा शर्ट मागून मातीनं भरला होता. मला बघून म्हणाला, "सुमे, मी खरखर काढायलाच नको हुती." मी त्याच्या पाठीवरची माती झटकली. "कॅसेटीत भरलं आसतं तर... फुसफुस आली आसती, कुनी वळकलं नसतं. शेवटपर्यंत वाजलं आसतं गं." आज दादाचा साऊंडचा मोठा धंदा आहे. नवरा-नवरीची मागणी असते, डीजे लावतो. ती फाईल त्याच्याकडं आहे, एका यंत्रातून दुसऱ्यात तो ती नेत आला आहे. माझी मुलगी म्हणते, मामाला सांग, मला पाठव. मी सांगत नाही. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली, आणि ती गेल्यावरही आम्ही दोघांनी ती एकदाही लावली नाही. त्या ओळीपर्यंत आली की दोघांचाही हात बटणाकडं जाईल, अशी भीती वाटते.

मी मधल्या खोलीत गेले. आत्या माझ्याबरोबर द्यायच्या डब्यात कुरडया भरत होती. एकेक कुरडई वेगळी करून, मोडू नये म्हणून मध्ये कागद घालून. मी दारात थांबले. तिनं वर न पाहता म्हटलं, "रडू नगंस, काजळ उतरंल. सासूला काय वाटंल, माकड आनलं." मी तिच्याजवळ खाली बसले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, माझ्या कपाळावरच्या मुंडावळ्यांकडं पाहिलं आणि हात परत डब्यात घातला. मी तो बाहेर काढला आणि माझ्या गालाला लावला. कुरडयांचा चुरा लागला.

तेवढ्यात आबा आले. फेटा काढून हातात धरलेला. बाहेर ते बबनराव होते, तिथं नुसतेच उभे राहिले. शेवटी आबा म्हणाले, "आक्का, लाईट गेलती गं."

आमच्या डोक्यावर पंखा भरभर फिरत होता. कुरडयांवरचे कागद उडू नयेत म्हणून आत्यानं त्यांवर तळहात ठेवला.

"जाती की," ती म्हणाली. "तिचा काय भरवसा. बस बबन्या, सकाळपासून उपाशी हाईस. ताट करते तुझं."